टँकरच्या रांगेत

आज दुपारी एका वस्तीत टँकरच्या रांगेत बायकांसोबत उभी होते. तिथे नळ नाही, कारण घरं कागदावर नाहीत. म्हणून पाणी विकतचं. नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी महाग, आणि ते पिण्याजोगं आहे का, हे तपासणारं कुणी नाही. ज्यांच्याकडे सगळ्यांत कमी, त्यांनीच सगळ्यांत जास्त मोजायचं! फार संताप होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१० मध्येच पाणी हा मानवी हक्क मानला. माणशी दिवसाला ५० ते १०० लिटर, घरापासून एक किलोमीटरच्या आत, आणि खर्च उत्पन्नाच्या ३ टक्क्यांपर्यंत, असे निकषही आहेत. रांगेत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या ताईंच्या घरी पाच माणसं, आज मिळाले चार हंडे. त्यातच पिणं, स्वयंपाक, भांडी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची स्वच्छता. अशा वेळी पहिली काट बसते ती हात धुण्याला. मग जुलाब, दवाखाना, बुडालेली मजुरी.

पुरुष दोघं-तिघंच होते. शाळेच्या वेळेत मुली मात्र बऱ्याच.

नळजोडणीसाठी जागेच्या मालकीचा कागद मागणं आधी बंद व्हायला हवं. राहतो तिथे पाणी, एवढंच. तुमच्या भागात ही अट काढून घेतली असेल तर कशी, ते नक्की लिहा. ताईंना सांगायचं आहे.