म्हातारा होऊन मेलेल्या हत्तीचा दात विकला तर?

जुन्या संदुका, फणेरपेट्या, देव्हारे आणि क्वचित एखादा तंबोरा दुरुस्त करायचा, हा माझा व्यवसाय. त्यात कुठे ना कुठे हस्तिदंत निघतोच. झाकणाची गुंडी, कडेची नक्षी, तंबोऱ्याची घोडी. मग गिऱ्हाईक हमखास विचारतं, "अहो ताई, हत्ती काय अमरपट्टा घेऊन येतो का? म्हातारा होऊन मेला, दात रानात पडले. ते विकून तोच पैसा हत्तींवर खर्च केला तर बिघडलं कुठे? उगाच जाळून कशाला टाकतात?"

प्रश्न भाबडा मुळीच नाही. बोट्स्वाना, नामिबिया, झिंबाब्वे ही सरकारं कित्येक वर्षं हेच विचारताहेत. तरी माझं उत्तर 'बिघडतं' असंच आहे, आणि ते मला माझ्या भिंगाने दिलंय.

आडवा छेद दिसेल अशी कडा शोधायची आणि भिंग डोळ्याला लावायचं. हाड असेल तर बारीक काळपट टिपके दिसतात, रक्तवाहिन्यांच्या नळ्यांचे. प्लास्टिकच्या नकलेत रेघा सरळसोट, एकसारख्या असतात. खरा हस्तिदंत असेल तर दोन बाजूंनी येऊन एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसते. बाहेरच्या कडेजवळ या रेषांमधला कोन हत्तीच्या दातात साधारण ११५ अंशांच्या वर असतो, मॅमथ या हत्तीच्या नामशेष झालेल्या भाऊबंदाच्या दातात ९०च्या खाली. एवढं समजलं की माझी विद्या संपली. हत्ती कधी मेला, वयाने की गोळीने, सोबतचा कागद याच दाताचा की भलत्याच, यातलं काही भिंगात दिसत नाही. दाताचा सुमारे तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो आणि शिकारी तोही सोडत नाही, कुऱ्हाडीने हत्तीचा चेहराच उघडतो. पण त्याच दाताची गुंडी झाली, पॉलिश झालं, की कुऱ्हाडीचा मागमूसही उरत नाही. प्रयोगशाळा पुष्कळ काही सांगू शकते. कार्बनवरून मरणाचा काळ कळतो, डीएनएवरून जंगलाचा पट्टा. पण त्यासाठी वस्तूचा तुकडा काढावा लागतो, आणि बांगडी घ्यायला आलेलं माणूस असल्या फंदात पडत नाही.

म्हणून एक दुकान कायद्याने उघडलं की चोरीचा मालही त्याच काउंटरवरून जातो.

आपल्याकडे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. वन्यजीव कायदा १९७२चा, पण त्यात १९८६ साली भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर आणि १९९१ साली आफ्रिकेतून आयात केलेल्या मालाच्या व्यापारावरही बंदी आली. ज्यांनी रीतसर माल आणला होता ते व्यापारी कोर्टात गेले. एकाचा मुद्दा तर फारच चतुर होता: आमचा माल मॅमथचा, तो प्राणी हजारो वर्षांपूर्वीच नामशेष झालाय, मग आम्ही कोणाला मारतोय? २००३ साली न्यायालयाने बंदी उचलून धरली आणि मॅमथलाही सूट दिली नाही. त्या कारागिरांचं आणि व्यापाऱ्यांचं नुकसान खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण मॅमथच्या नावाखाली काय काय खपलं असतं, हे माझ्या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

यात आपण मुंबईकर-पुणेकर अगदी सोवळे आहोत असंही नाही. एकोणिसाव्या शतकात झांझिबारचे दात गलबतांतून मुंबईला उतरत. काही गुजरात-राजस्थानातल्या नवरीच्या चुड्यासाठी जात, बाकीचे पुढे लंडनला.

'विकून तर बघा' हा प्रयोगही करून झालाय. आफ्रिकी हत्ती १९७९ साली अंदाजे १३ लाख होते, ते १९८९ पर्यंत जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराने हस्तिदंताचा व्यापार बंद केला. त्याच वर्षी जुलैत केनियाने १२ टन दात पेटवून दिले; २०१६ साली १०५ टन. माझ्या गिऱ्हाइकाला तो उधळेपणा वाटतो. पण गोदामात ठेवलेला दात चोरीला जातो, त्यावर पहारा बसवावा लागतो, आणि भाव चढेल या आशेवर बसलेल्यांची आशा जिवंत राहते. मधे १९९९ साली सुमारे ५० टन जपानला आणि २००८ साली सुमारे १०० टन चीन-जपानला कराराच्या संमतीनेच विकले गेले. स्वस्त, अधिकृत माल आला की चोरटा बाजार बसेल, असा हिशेब होता. बसला नाही. पुढच्या काही वर्षांत शिकार भयंकर वाढली, आणि चीनमध्ये कच्च्या दाताचा भाव २०१४ साली किलोला २,१०० डॉलरांपर्यंत गेला. वाढ त्या विक्रीमुळेच झाली का, यावर अर्थशास्त्रज्ञांची अजून जुंपते. पण चीनने दुकानं बंद करायचं ठरवल्यावर, प्रत्यक्ष बंदी यायच्या आधीच, २०१७च्या सुरुवातीला तोच भाव ७३० डॉलरांवर घसरला होता. मला हा आकडा जास्त बोलका वाटतो.

आता दुसरी बाजू. बोट्स्वानात लाखाच्या वर हत्ती आहेत. रात्रीत उभं पीक तुडवलं जातं, माणसं मरतात. दोडामार्ग-तिलारीकडच्या बागायतदाराला हे मी काय सांगायचं. माड आणि केळी आडव्या झालेल्या बघून त्याने किती सकाळी कपाळाला हात लावला असेल. त्या शेतकऱ्याला 'दात विकू नका' एवढंच सांगून आपण मोकळे झालो तर त्याने शिव्या घातल्या तरी चालेल. भरपाईला, कुंपणाला, राखणीला पैसा द्यावा लागतो, आणि तो बंदी हवी म्हणणाऱ्या श्रीमंत देशांनीच द्यायला हवा. आजवर त्यांनी हात आखडताच घेतलाय.

२०२२च्या नोव्हेंबरात पनामात साइट्सची बैठक झाली. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांना पुन्हा दात विकू द्यावेत, असा प्रस्ताव झिंबाब्वेने मांडला आणि तो पडला. भारत नेहमी अशा प्रस्तावांच्या विरोधात असायचा. या वेळी तटस्थ राहिला. त्याच सप्टेंबरात नामिबियाचे ८ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला उतरले होते. वृत्तपत्रांनी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला, तुम्हीही जोडला असेल. मला विचाराल तर चित्त्यांचे आभार वेगळे मानता आले असते, आणि तिथे सरळ विरोधात मत द्यायला हवं होतं.