वायफायवर स्थिर पिंग: आतापर्यंत कुठवर आलो

आधी सद्यस्थिती. राउटर घराच्या एका टोकाला, गेमिंगचा लॅपटॉप दुसऱ्या टोकाच्या खोलीत, मध्ये दोन भिंती. ‘सरळ लॅन लाव की’ हा सल्ला मला माहीत आहे आणि पटतोही, पण केबल ओढणं सध्या शक्य नाही. तेव्हा या नोंदीत तो विषय बाजूला. मला पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) कमीच हवा असं नाही, एका जागी टिकणारा हवाय. ७० चा स्थिर पिंग मी आनंदाने घेईन. २५ वर असताना मध्येच ३०० ला जाऊन येणारा मात्र नको.

याला कारण आहे. १९९६ च्या क्वेकवर्ल्डपासून (क्वेक या गेमची इंटरनेटवर खेळायची आवृत्ती) शूटर गेम्समध्ये क्लायंट-साइड प्रेडिक्शन रुळलं. तुमची हालचाल गेम लगेच दाखवून मोकळा होतो आणि सर्व्हरचं म्हणणं नंतर जुळवून घेतो. उशीर ठरावीक असेल तर ही जुळवाजुळव डोळ्यांना दिसतही नाही. उशीर अचानक वाढला की सगळ्या दुरुस्त्या एकदम येतात आणि खेळाडू मागे खेचला जातो. रबर बँडिंग म्हणतो ते हेच.

स्पीड टेस्टवर मी वेळ घालवलेला नाही. ६४ टिकचा, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा गेमची स्थिती ठरवणारा सर्व्हर दर १५.६ मिलिसेकंदांनी एकदा हिशेब करतो. त्यासाठी जाणारी-येणारी पॅकेट्स (डेटाचे तुकडे) लहान असतात, त्यांना शंभर एमबीपीएसची (सेकंदाला शंभर मेगाबिट) गरजच नसते. त्यांना वेळेवर पोचायचं असतं, आणि वेळेबद्दल स्पीड टेस्टचा मोठा आकडा काहीच सांगत नाही.

म्हणून मोजणी अशी ठेवली: गेम चालू असताना मागे दोन खिडक्या. एकीत राउटरला पिंग (माझ्याकडे १९२.१६८.१.१), दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. दोन्ही एकदम उसळले तर दोष वायफायचा. राउटर शांत आणि फक्त बाहेरचा उसळला तर दोष राउटरच्या पलीकडे. दोन्ही शांत असून गेम अडखळत असेल तर सर्व्हर किंवा तुमचा फ्रेम रेट बघा, नेटवर्कला उगाच बोल लावू नका. सेकंदाला एक पिंग मात्र पुरत नाही, मधले झटके निसटतात. मी अंतर ५० मिलिसेकंदांवर आणलं. काही सिस्टिम्सवर त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, काहींच्या साध्या पिंगमध्ये हे अंतर बदलताच येत नाही, तिथे वेगळं टूल घ्यावं लागतं.

अंतर कमी केल्याचं फळ लगेच मिळालं. राउटरच्या खिडकीत हे दिसलं:

२, ३, २, १८८, १३८, ८९, ३८, २, २

हे आकडे नीट बघा. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा जवळपास ५० ने कमी आहे, आणि पिंगही ५० मिलिसेकंदांनीच सुटत होते. म्हणजे ही चार पॅकेट्स वेगवेगळ्या वेळी निघाली, पण त्यांची उत्तरं एकाच क्षणी आली. काही हरवलं नव्हतं. कोणीतरी ती धरून ठेवली आणि एकदम सोडली. हवेतल्या गोंगाटामुळे झालेला उशीर असा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत नाही, तो वेडावाकडा असतो. शिवाय ही उतरंड घड्याळ लावल्यासारखी ठरावीक अंतराने परत येत होती. शेजारचं वायफाय इतकं शिस्तीचं नसतं. शिस्त दिसली की सॉफ्टवेअरवर संशय घ्यायचा.

दोषी निघालं स्कॅनिंग. आजूबाजूला कोणती नेटवर्क्स आहेत हे बघायला वायफाय कार्ड आपलं चॅनेल सोडून दुसऱ्या चॅनेलवर कान देतं. राउटर आपली ओळख सांगणारा बीकन साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी पाठवतो, त्यामुळे नुसतं ऐकून नेटवर्क शोधायचं तर प्रत्येक चॅनेलवर तेवढा वेळ थांबावं लागतं. जाताना कार्ड राउटरला ‘मी झोपतोय’ असं कळवतं. राउटर बिचारा पॅकेट्स साठवतो आणि कार्ड परतलं की सगळी हवाली करतो. म्हणूनच ती उतरंड.

स्कॅन करायला लावणारेही बरेच असतात. लोकेशन सेवा (ती जवळच्या वायफाय नावांवरून ठिकाण ओळखते), उघडी राहिलेली नेटवर्कची यादी, आणि कार्डाच्या सेटिंगमधली रोमिंगची आक्रमकता (अधिक चांगला सिग्नल कार्ड किती उतावीळपणे शोधतं ते). मी लोकेशन बंद केलं, रोमिंग सर्वांत खालच्या पातळीवर आणलं, आणि ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला वेगळं नाव देऊन लॅपटॉपला तेवढंच ठेवलं. उतरंड गेली. यात एक पैचाही नवा हार्डवेअर लागला नाही, याचं मला अजून अप्रूप आहे.

त्याच ओघात पॉवर सेव्हिंगही बंद केलं. त्याची खूण गमतीशीर आहे: नेट मोकळं असताना पिंग खालीवर होतो आणि मोठं डाउनलोड लावलं की सुधारतो! डाउनलोडमुळे कार्डाला झोपायला सवडच मिळत नाही. असा उलटा प्रकार दिसला तर दुसरीकडे शोधू नका.

एवढं होऊनही संध्याकाळी गेम अडकायचाच. पण आता राउटरची खिडकी शांत, २-३ वर, आणि बाहेरची ६००-७०० वर. दुखणं वेगळं होतं. घरातल्या फोनचा फोटो बॅकअप बंद केला की आकडा तिथल्या तिथे खाली यायचा.

हिशेब सोपा आहे. अपलोड १० एमबीपीएस आणि मोडेममधला बफर (पॅकेट्स रांगेत थांबायची जागा) एक मेगाबाइटचा, म्हणजे आठ मेगाबिटचा धरा. तो भरला तर रिकामा व्हायला ८०० मिलिसेकंद लागतात, आणि गेमचं चिमुकलं पॅकेट त्या सगळ्याच्या मागे उभं. तिकीट खिडकीवर पुढचा माणूस अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढत असावा, तसं. जिम गेटिस यांनी याला बफरब्लोट हे नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल हा रांग आवरणारा अल्गोरिदम मांडला. पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं हे तो बघतो आणि थांबण्याचा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहू लागला की पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला आवरायला लावतो. एफक्यू-कोडेल (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी ८२९०, २०१८) त्यापुढे जाऊन प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतो, म्हणजे बॅकअप आपल्या रांगेत तुंबतो आणि गेम आपल्या वाटेने जातो.

माझ्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालतं, त्यात एसक्यूएम (रांगा सांभाळणारं पॅकेज) बसवून केक हा एफक्यू-कोडेलच्याच जातीचा अल्गोरिदम निवडला. खरी मेख वेगमर्यादेत आहे. प्रत्यक्ष मोजलेल्या अपलोडच्या साधारण ९० टक्क्यांवर ती ठेवायची. मग रांग मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि आपल्या राउटरमधल्या रांगेवरच आपली सत्ता चालते. राउटरच्या खोक्यावर झळकणाऱ्या ‘गेमिंग मोड’वर माझा विश्वास नाही तो याचसाठी. वेगमर्यादा न घालता नुसतं प्राधान्य दिलं, तर रांग पुढे मोडेममध्ये लागते आणि तिथे तुमचं प्राधान्य कोणी विचारत नाही. किंमत म्हणून थोडा वेग जातो, आणि हार्डवेअर ऑफलोड (प्रोसेसरला वगळून चिपने पॅकेट्स परस्पर पुढे ढकलणं) बंद ठेवावं लागतं. जुन्या राउटरचा प्रोसेसर वेगवान लाइनवर इथे धापा टाकतो. माझ्याकडे आता बॅकअप पूर्ण जोरात असतानाही बाहेरचा पिंग जेमतेम काही मिलिसेकंदांनी वाढतो.

चॅनेलबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ सोडून काही लावू नका. मधलं चॅनेल घेतलं तर दोन्हीकडचा त्रास पदरात पडतो. ५ गिगाहर्ट्झवर मी चॅनेलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झ केली. वेग उतरला, पण रुंदी निम्मी झाली की गोंगाटही निम्मा येतो, म्हणजे ३ डेसिबलचा फायदा. दोन भिंतींपलीकडे तो जाणवतो. ५२ ते १४४ ही चॅनेल्स बहुधा रिकामी असतात, पण तिथे रडार दिसलं की राउटरला नियमाने चॅनेल सोडावं लागतं, आणि ऐन सामन्यात ते झालं तर संपलंच.

घरातली बाकी उपकरणं २.४ वर ढकलली. वायफायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. १५०० बाइटचं एक पॅकेट १ एमबीपीएसने पाठवणारं लांबचं, जुनं उपकरण १२ मिलिसेकंद हवा अडवून बसतं. तेच पॅकेट १०० एमबीपीएसला ०.१२ मिलिसेकंदात जातं. असल्या सोबत्याबरोबर गेम एका रेडिओवर ठेवायचा नाही. आणि ‘डब्ल्यूएमएम (वायफायवर कोणत्या पॅकेटला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सोय) बंद करा’ हा जुना सल्ला कुठे दिसला तर ऐकू नका. वायफायच्या ८०२.११एन या आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या वेगांना डब्ल्यूएमएम लागतोच, बंद केलात तर ५४ एमबीपीएसवर याल.

आता उरलंय काय? राउटरच्या खिडकीत अधूनमधून एकच आकडा ४०-६० ला जातो. एकटाच, उतरंड नाही, वेळही ठरलेली नाही. पॅकेट लॉस शून्य दिसतो, पण वायफायवर त्या शून्याला फारसा अर्थ नाही. हरवलेलं पॅकेट कार्ड आणि राउटर आपापसात पुन्हा पाठवतात, त्यामुळे तूट दिसायच्या ऐवजी उशीर दिसतो. दुसरी शक्यता अशी की हा उशीर हवेतला नाहीच. बरेच राउटर पिंगला उत्तर देणं हे कमी महत्त्वाचं काम मानतात आणि प्रोसेसर गुंतला की ते मागे टाकतात. दोन्हीचा निवाडा करायला राउटरला केबलने एक जुना कॉम्प्युटर जोडणार आहे आणि पिंग राउटरला न करता त्याला करणार आहे. तिथेही तो एकटा आकडा दिसला तर हवा दोषी, मग चॅनेल १४९ ला हलवून बघेन.

तुमच्याकडे अशी उतरंड दिसली तर कार्डाचं मॉडेल, ड्रायव्हरची आवृत्ती आणि दोन उतरंडींमधलं अंतर नोंदवून ठेवा. ते अंतर ड्रायव्हरप्रमाणे बदलतं का, हे मला ताडून बघायचंय.