तुम्ही विचारलंत म्हणून : बातमी लिहायला थिअरी कशाला?

प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न पालक विचारतात. पहिली परीक्षा जवळ आली की मुलं विचारतात. मी एका विद्यापीठाच्या पत्रकारिता आणि जनसंज्ञापन विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. माझ्या वाट्याला ‘संज्ञापनाचे सिद्धांत’ आणि ‘संशोधन पद्धती’ हे दोन पेपर येतात, कारण ते बाकी कुणाला नको असतात. कॅमेरा, एडिटिंग, अँकरिंग शिकायला आलेल्या पोरांनी लासवेल आणि लाझार्सफेल्ड हे जुने अमेरिकेतले सिद्धांतकार कशाला घोकायचे, असा एकूण सूर असतो.

घोकायचेच असतील तर नकोत, हे माझं उत्तर. ऐकणाऱ्याला ते शिक्षिकेच्या तोंडी विचित्र वाटतं. पण आमच्याकडे हा विषय बहुतेकदा ‘नेट’च्या, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेच्या डोळ्यांनी शिकवला जातो: एका रांगेत नावं, दुसऱ्या रांगेत सिद्धांत, जोड्या लावा. मुलं त्या बरोबर लावतात. आणि अमुक सिद्धांत कुठल्या गावातल्या, कुठल्या माणसांना काय विचारून हाती लागला, असं विचारलं की वर्ग खाली बघतो.

माझं भांडण वेळापत्रकाशी आहे. सिद्धांत एका सत्रात, पद्धती दुसऱ्या सत्रात. पुस्तकं वेगळी, बऱ्याच ठिकाणी शिकवणारेही वेगळे. त्यामुळे सिद्धांत म्हणजे परदेशी माणसांनी केलेली विधानं आणि पद्धती म्हणजे व्याख्यांची यादी, असं मुलांच्या डोक्यात बसतं. खरं तर हा एकच विषय आहे. सिद्धांत कुणाच्या तरी पाहणीतून निघालेला असतो, आणि ती पाहणी कळली नाही तर त्यावर विश्वास किती ठेवायचा हेही कळत नाही.

‘टू-स्टेप फ्लो’, म्हणजे माहिती दोन टप्प्यांत पोचते या सिद्धांताचंच घ्या. पुस्तकात चौकोन आणि बाण असतात: माध्यमं, मग मतनेते (ज्यांच्या मताला आसपासचे लोक मानतात अशी माणसं), मग बाकीची जनता. उत्तरपत्रिकेतही तीच आकृती येते. आता त्यामागची गोष्ट. १९४० साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती, रूझवेल्ट विरुद्ध विल्की. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातली एरी काउंटी निवडली आणि मे ते नोव्हेंबर, दर महिन्याला त्याच सहाशे माणसांना गाठलं. मत कुणाला देणार? मागच्या खेपेपेक्षा विचार बदलला का? बदलला तर कशाने? रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतं फिरवताना दिसतील, ही अपेक्षा. फिरलेली माणसं फार थोडी निघाली. आणि प्रचाराचं काय कानावर आलं असं विचारलं की लोक छापील मजकुरापेक्षा किंवा रेडिओपेक्षा कुणाशी तरी झालेलं बोलणंच जास्त सांगत.

मला यातला पुढचा भाग सगळ्यांत आवडतो. दर महिन्याला कुणी दारात येऊन राजकारणावर विचारायला लागलं, तर त्या विचारण्यानेच माणूस बदलणार नाही का? हा संशय या मंडळींना आधीच आला होता. म्हणून त्यांनी सहाशे-सहाशेचे आणखी तीन गट बाजूला ठेवले, त्यांना मधे एकेकदाच विचारलं आणि उत्तरं ताडून पाहिली. स्वतःच्या कामावर इतका संशय घेणारा माणूस बातमीदार म्हणून मला लगेच चालेल.

हाच धागा पुढे पुण्यात येतो, आणि ते आमच्या बहुतेक मुलांना ठाऊक नसतं. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने ‘रेडिओ फार्म फोरम’चा प्रयोग केला. कल्पना कॅनडातली: शेतकऱ्यांनी गटाने बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. पाच मराठी भाषक जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. मूल्यमापनाचं काम टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि ते पॉल नॉइराथने केलं. हा मूळचा व्हिएन्नाचा. डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून सुटून अमेरिकेत पोचलेला, कोलंबिया विद्यापीठात त्या छावण्यांवरच प्रबंध लिहिलेला. लाझार्सफेल्डही व्हिएन्नाचाच आणि कोलंबियातलाच. तिथली पाहणीची शिस्त घेऊन नॉइराथ आपल्याकडच्या गावांत उतरला.

आणि गावं त्याने कशी लावली ते बघा. काही गावांत रेडिओ आणि चर्चागट दोन्ही. काही गावांत रेडिओ आहे, पण गट नाही. काही गावांत रेडिओही नाही. प्रयोगाआधी आणि नंतर लोकांना कार्यक्रमांतल्या विषयांबद्दल काय ठाऊक आहे ते विचारलं. गट असलेल्या गावांत माहिती भरघोस वाढलेली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ नगण्य. ‘नियंत्रित गट (तुलनेसाठी प्रयोगाबाहेर ठेवलेला गट) म्हणजे काय, पाच गुण’ याचं उत्तर मी दुसऱ्या कुठल्याही उदाहरणाने देत नाही. नुसता पेटी-रेडिओ चावडीत ठेवून भागत नाही, माणसांनी त्यावर बोलावं लागतं, हे सांगायला ती मधली, गट नसलेली गावं हवीच होती. ती नसती तर सगळं श्रेय रेडिओला गेलं असतं आणि सरकारने आणखी रेडिओ खरेदी करून विषय संपवला असता.

तरीही या प्रयोगाची जागा आमच्या पाठ्यपुस्तकांत एका परिच्छेदाची. असो.

आता आमची मुलं काय करतात? शेवटच्या सत्रात प्रबंधिका असते. विषय ठरलेला: ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम: एक अभ्यास’. शीर्षकात पुढे कधी शहराचं नाव, कधी नुसतं ‘विशेष संदर्भ’. गूगल फॉर्म तयार होतो, तो कॉलेजच्या, सोसायटीच्या आणि मामेभावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, खाली ‘प्लीज भरा, दोनच मिनिटं लागतील’. शंभर उत्तरं आली की वर्तुळाकार आलेख. ब्याऐंशी टक्के तरुणांच्या मते समाजमाध्यमांचा तरुणांवर परिणाम होतो. झाला निष्कर्ष.

ही परिणामाची मोजणी नाही, परिणामाबद्दलच्या मताची आहे. दोन्हींत फार अंतर आहे. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या संशोधकाने १९८३ मध्ये एक निरीक्षण मांडलं: माध्यमांचा प्रभाव आपल्यापेक्षा इतरांवर जास्त पडतो, असं माणसं धरून चालतात. ते मी वर्गातच करून दाखवते. अर्ध्या वर्गाला विचारते, जाहिराती पाहून तुम्ही वस्तू घेता का? उरलेल्या अर्ध्याला, जाहिराती पाहून लोक वस्तू घेतात का? चिठ्ठ्या मोजल्या की मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागतात. त्यांच्या फॉर्ममधला प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता, हे मग सांगावं लागत नाही.

‘मॅडम, सॅम्पल वाढवू का?’ हा त्यानंतरचा हमखास प्रश्न. १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाकडे तेवीस लाखांवर मतपत्रिका परत आल्या होत्या. त्यावरून त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्टचा प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार म्हणून छापलं. रूझवेल्ट प्रचंड फरकाने जिंकला. पत्ते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले, आणि मंदीच्या त्या काळात फोन-मोटार बाळगणारा मतदार कोण असणार? वर, उत्तर पाठवायची हौस कुणाला होती हेही आलंच. मामेभावाच्या ग्रुपचं याहून वेगळं काही नाही.

मी शिकवण्याआधी काही वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. ‘अमुक पाहणीनुसार इतके टक्के महिला’ अशी प्रसिद्धिपत्रकं तिथे रोज येतात आणि पान भरायला ती फार सोयीची असतात. किती जणांना विचारलं, ते कसे गाठले, प्रश्न नेमका काय होता, पैसे कुणी दिले, हे चार प्रश्न फोन करून विचारायला दहा मिनिटं लागतात. अनेकदा पलीकडून ‘सांगतो’ म्हणतात आणि पुन्हा फोन येत नाही. अशी बातमी मी घेत नसे. बातमी लिहायला थिअरी कशाला, याचं माझ्याकडचं रोखठोक उत्तर एवढंच. बातमी न लिहिण्यासाठीही ती लागते.

मध्यंतरी एका मुलीने विषय बदलून मागितला. घरची कांद्याची शेती, लासलगावच्या बाजारात माल जाणारा. तिला बघायचं होतं की भाव शेतकऱ्याला आधी कुठून कळतो आणि तो विश्वास कुणावर ठेवतो. तिने प्रश्नावली केली, त्यात ‘तुम्हाला बाजारभाव व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळतो का? होय/नाही’ असा प्रश्न. पहिल्याच दिवशी एका काकांनी तिला सुनावलं, ‘ग्रुप पाच हायेत बाई, कोनता इचारतीस? आन् भाव कळला तरी गाडी काढायची का नाय ते मी शेजारच्याला इचारूनच ठरवतो.’ एरी काउंटीत लाझार्सफेल्डला जे सापडलं, त्याच्या आसपासचंच हे काहीतरी होतं. फक्त इथे तो शेजारीही त्याच पाच ग्रुपमध्ये होता, मग मतनेता कुणाला म्हणायचं? त्यावर ती माझ्याशी तासभर भांडली. नंतर तिने होय/नाही काढून टाकलं आणि ‘मागच्या वेळी माल कधी नेला, त्याच्या आदल्या दिवशी कुणाकुणाशी बोललात?’ असं विचारायला सुरुवात केली. तिची ती खाडाखोड केलेली प्रश्नावली मी मागून घेतली आहे. नव्या बॅचला आधी तीच वाचायला देते, चौकोन-बाणांचं प्रकरण त्यानंतर.