थॉमंड पार्कची शांतता

डब्लिनहून आगगाडीने लिमरिकला उतरलो आणि शहराच्या मुख्य रस्त्यावर ‘ओ’कॉनेल स्ट्रीट’ अशी पाटी पाहून क्षणभर हरखलो. तो रस्ता एकोणिसाव्या शतकातील नेते डॅनियल ओ’कॉनेल यांच्या नावाचा निघाला. मी मात्र ज्याच्यासाठी इथवर आलो होतो, तो पॉल ओ’कॉनेल १९७९ साली याच शहरात जन्मलेला रग्बीपटू.

डब्लिनमध्ये रग्बी बड्या शाळांचा खेळ समजला जातो, लिमरिकमध्ये तो कामगार वस्त्यांतही तितकाच रुजलेला आहे. लहानपणी जलतरणात रमलेला पॉल रग्बीकडे तसा उशिराच वळला आणि पुढे यंग मन्स्टर क्लबातून आयर्लंडच्या मन्स्टर प्रांताच्या संघात पोहोचला. आयर्लंडकडून २००२ मध्ये वेल्सविरुद्ध पदार्पण करताना त्याने ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवणे) केला खरा, पण डोक्याला मार लागल्याने तो क्षण त्याला आठवतच नाही.

शॅनन नदीवरील पूल ओलांडून लाल जर्सी घातलेल्या लोकांमागोमाग मी थॉमंड पार्कला पोहोचलो. १९७८ मध्ये मन्स्टरने न्यूझीलंडला १२-० असे हरवले, ते हेच मैदान. पाहुण्या संघाचा खेळाडू पेनल्टीसाठी चेंडू ठेवू लागला, तसा इतका वेळ गर्जणारा जमाव एकदम गप्प झाला. किक मारणारा कोणत्याही संघाचा असो, तो मान इथे दिला जातो. क्रिकेटच्या गोंगाटात वाढलेल्या मला ती शांतता जवळजवळ अवघड वाटली.

नवल असे, की ओ’कॉनेल घडला इथे, पण त्याच्या कारकिर्दीतील मोठे दिवस उजाडले ते वेल्समधील कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर. २००६ आणि २००८ या दोन्ही वर्षी मन्स्टरने युरोपातील क्लबांची हाइनेकेन कप ही स्पर्धा तिथेच जिंकली, त्यातली दुसरी ओ’कॉनेलच्या नेतृत्वाखाली. २००९ मध्ये वेल्सला १७-१५ असे नमवून आयर्लंडने ग्रँड स्लॅमही, म्हणजे सहा युरोपीय देशांच्या सिक्स नेशन्स स्पर्धेतील सर्व सामने जिंकण्याचा मान, तिथेच पूर्ण केला. त्याच वर्षी तो लायन्सचा, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडमधील निवडक खेळाडूंच्या संघाचा, कर्णधार म्हणून दक्षिण आफ्रिकेला गेला. ती मालिका मात्र हातची गेली. पुढे त्याच्या नेतृत्वाखाली आयर्लंडने २०१४ आणि २०१५ ची सिक्स नेशन्स स्पर्धा जिंकली.

आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी, विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध मध्यंतराच्या तोंडावर, त्याच कार्डिफमध्ये त्याच्या मांडीमागचा स्नायू हाडापासून तुटला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेले. आयर्लंडने सामना २४-९ असा जिंकला. तो त्याचा आयर्लंडकडून १०८ वा आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. फ्रान्समधील तुलाँ संघाशी करार झालेला होता, पण त्या संघाची जर्सी घालून तो एकदाही मैदानात उतरू शकला नाही.