भागाकार कुठे केलाय?

परवा रात्री जगाच्या 'प्राथमिक' ऊर्जावापराचा तक्ता एक्सेलमध्ये जुळवत बसले होते. कोळसा टनांत, तेल बॅरलमध्ये, वायू घनमीटरमध्ये, वीज युनिटमध्ये. सगळ्यांना एका मापात आणायला 'टन तेल समतुल्य' घेतलं: एक टन म्हणजे एक कोटी किलोकॅलरी, म्हणजेच ११,६३० युनिट. इथवर नुसता गुणाकार.

आलेख काढला आणि चक्रावले. २०२२ मध्ये जगात जलविद्युत झाली सुमारे ४,३०० अब्ज युनिट, अणुवीज सुमारे २,७००. पण माझ्या आलेखात अणुऊर्जेची पट्टी जवळपास दुप्पट! पाणी ३७ कोटी टन, अणू ७० कोटी टन. सूत्र चुकलं असणार म्हणून तासभर एकेक सेल तपासला. सूत्र बरोबर होतं.

गोम 'प्राथमिक' या शब्दात आहे, म्हणजे रूपांतर होण्याआधीची, पहिल्या रूपातली ऊर्जा. मी वापरलेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पद्धतीत अणुभट्टीतली उष्णता मोजतात. तिच्यातली ३३ टक्केच वीज होते असं धरून विजेचा आकडा ०.३३ ने भागतात. पाणी, वारा, सौर पॅनेल यांच्यात मोजण्याजोगं पहिलं रूप वीजच, म्हणून तिथे भागाकार नाही. भूगर्भातल्या उष्णतेवरच्या विजेला तर कार्यक्षमता १० टक्के धरतात, म्हणजे तिचा आकडा थेट दहापट. जितकं जास्त वाया, तितकी पट्टी उंच! मला हे अजूनही पचत नाही.

दुसरी पद्धत विचारते: हीच वीज इंधन जाळून करायची तर किती जाळावं लागलं असतं? बीपी या तेल कंपनीच्या वार्षिक अहवालात वर्षानुवर्षं हीच होती. ४० टक्के कार्यक्षमता धरून मी सगळं पुन्हा मोजलं. पाणी ९२ कोटी, अणू ५८ कोटी. वीज तीच, क्रम उलटा. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याने मात्र २०२३ मध्ये पाणी-वारा-सूर्यासाठी ही पद्धत सोडली. मला अजून तीच पटते, निदान कोळशाशी तुलना करताना तरी. फक्त तो ४० चा आकडा मानलेला आहे, मोजलेला नाही, हे आलेखाखाली लिहायला हवं.

ते लिहिता लिहिता नैसर्गिक वायूच्या रकान्याकडे लक्ष गेलं. त्यात स्थूल उष्मांक होता, जळताना होणाऱ्या वाफेतली उष्णताही धरलेला; कोळसा आणि तेलाला मी निव्वळ, म्हणजे ती वगळलेला, लावला होता. वायूत फरक सुमारे दहा टक्क्यांचा. रात्रीचा दीड वाजला होता, तो रकाना पुन्हा पहिल्यापासून.