'ब्रेक फेल' म्हणू नका वहिनी

गेल्या जुलैत आई आणि मी कोचीहून परत येत होतो. संध्याकाळची फ्लाईट आणि मुंबईवर तुफान पाऊस. एकदा खाली आलो आणि चाकं टेकायच्या आतच विमान परत वर गेलं, मागच्या सीटवरचे एक गृहस्थ "आता काय झालं" म्हणून जाम वैतागले. वीसेक मिनिटं घिरट्या घातल्या आणि दुसऱ्या वेळी धाडकन टेकलो, इतकं की आईची पर्स सीटखालून पुढच्या रांगेत गेली. मग इंजिनांचा तो मोठा आवाज, मग झटका, मग सुटल्यासारखं, परत झटका, परत सुटल्यासारखं. एरवी आपण एकसारखे पुढे ढकलले जातो तसं अजिबात नाही. खिडकीतून रनवेचे दिवे पळतच होते, थांबायचं नावच नाही असं वाटायला लागलं आणि मग एकदाचं थांबलो.

कॅप्टननी अनाउन्स केलं की ब्रेकच्या एका सिस्टीममध्ये बिघाड आलाय, विमान सुरक्षित आहे, फायरच्या गाड्या खबरदारी म्हणून आल्यात, कोणी उठू नका. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचे वळ उठले. म्हणाली, "ब्रेक फेल झाले ना गं?"

आईसाठी हे शब्द साधे नाहीत. लग्नाआधी माळशेज घाटात ती ज्या टेम्पोत होती त्याचे ब्रेक गेले होते, ड्रायव्हरने गाडी डोंगराला घासत घासत थांबवली म्हणून सगळे वाचले. तो जळक्या ब्रेकचा वास तिला अजून आठवतो.

त्यानंतर सव्वा तास आम्ही आतच. बाहेर पाऊस, लाल दिवे, एसी बंद, लहान मुलं रडतायत, लोक ओरडतायत की शिडी लावा आणि सोडा आम्हाला. मीही चिडले होते, खोटं कशाला बोलू. शेवटी गाडीने विमान ओढत नेलं. चरईत घरी पोचेपर्यंत रात्रीचा एक वाजला.

रविवारी कोपरीहून काका आले. काकांनी तीसेक वर्षं सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमानांची चाकं आणि ब्रेक यांचंच काम केलंय. आईने सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि काका पहिलं काय म्हणाले तर "वहिनी, ब्रेक फेल म्हणू नका." मला राग आला, कारण आई घाबरली होती हे खरं होतं. पण मग चहा झाला, पोहे झाले, परत चहा झाला आणि दुपारपर्यंत ते जे बोलत होते ते मला नीट लिहून ठेवायचंय.

काका म्हणाले, तुम्ही ज्या विमानात होता तसल्या एअरबस ३२० ला ब्रेक फक्त मागच्या चार मोठ्या चाकांना असतात, पुढच्या चाकाला नसतातच. चाकाच्या पोटात कार्बनच्या चकत्यांची चळत असते, एक फिरणारी एक स्थिर, आणि तेलाच्या प्रेशरने त्या एकमेकींवर दाबल्या जातात. हे तेल एकाच लाईनवर नसतं. मेन लाईन गेली तर दुसरी, आणि ती पण गेली तर साठवलेलं प्रेशर असतं, त्यावर निदान सात वेळा पूर्ण ब्रेक दाबता येतो. "तुमची बहुतेक पहिली गेली असणार, ऑटोब्रेक, म्हणजे आपोआप एकसारखा लागणारा ब्रेक, सुटला, कॅप्टन पायाने ब्रेक मारत होता. ते झटके त्याच्या पायाचे."

आई म्हणाली, भाऊजी, मग विमानं रनवेच्या बाहेर जातात ती कशी?

इथे काका खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, बहुतेक वेळा ब्रेक ठणठणीत असतात हो. विमान टेकतं तेव्हा ताशी अडीचशेच्या आसपास असतं आणि पंख अजून त्याला उचलूनच धरत असतात, म्हणजे वजन चाकांवर आलेलंच नसतं. वजन नाही तर पकड नाही, मग ब्रेक कितीही दाबा. म्हणून टेकल्याबरोबर पंखांवरच्या फळ्या उभ्या राहतात, स्पॉयलर म्हणतात त्यांना, त्या पंखांची उचल मोडतात आणि विमान जमिनीवर बसतं. इंजिनांचा तो मोठा आवाज म्हणजे रिव्हर्स, इंजिनाचा जोर उलटा पुढे वळवतात, तो मदतीला असतो, पण कोरड्या रनवेचं अंतर मोजताना तो धरतच नाहीत. आणि पाऊस असला की टायर आणि रनवेच्या मध्ये पाण्याचा थर येतो, चाक पाण्यावर घसरत जातं. त्यांनी पोलंडमधल्या वॉर्सॉच्या अपघाताचं सांगितलं, १९९३ सालचं. पावसात विमान इतकं हलकं आणि तिरकं टेकलं की दोन्ही बाजूंच्या चाकांवर वजन येईपर्यंत कॉम्प्युटर मानायलाच तयार नव्हता की आपण जमिनीवर आहोत. साधारण नऊ सेकंद फळ्या नाहीत, रिव्हर्स नाही. दोन माणसं गेली.

म्हणजे पावसात जो धाडकन टेकवतो तो मुद्दाम टेकवतो, पाण्याचा थर फोडायला आणि वजन लगेच खाली आणायला. मऊ लँडिंगला टाळ्या वाजवणारे आपण, मला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग विषय कोळिकोडच्या विमान अपघातावर आलाच, आम्ही केरळहूनच आलो होतो. ७ ऑगस्ट २०२०. पाऊस, मागून वारा, डोंगरमाथ्यावरचा रनवे, आणि विमान टेकलं ते जवळजवळ अर्धा रनवे मागे टाकून. २१ माणसं गेली. त्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे पवईला राहायचे, आधी एअरफोर्समध्ये होते. आईला ती बातमी आठवत होती, तिने पदराने डोळे पुसले. काका बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले की अशा वेळी लोक ब्रेक फेल म्हणून मोकळे होतात आणि मग कोणी विचारतच नाही की टेकलं कुठे, वारा कुठून होता, परत वर का नाही गेले. आपल्या मुंबईत १ जुलै २०१९ ला जयपूरहून आलेलं विमान असंच पावसात रनवेच्या पुढे चिखलात गेलं, सगळे वाचले, पण मेन रनवे काही दिवस बंद होता, तेव्हाही बिल्डिंगमध्ये सगळे ब्रेकच म्हणत होते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते त्या सव्वा तासाचं. मी विचारलं, आम्हाला कोंडून का ठेवलं? काका म्हणाले, एवढ्या वजनाचा सगळा वेग त्या चकत्यांमध्ये उष्णता होऊन उतरतो, ब्रेक काही शे डिग्रीला जातात, आणि थांबल्यानंतरही काही मिनिटं चाक आणखी तापत राहतं. टायर फुटू नये म्हणून चाकात वितळणारे प्लग असतात, ठराविक तापमानाला ते वितळतात आणि हवा हळू सुटते. तरी तापलेल्या चाकाजवळ बाजूने जायचं नाही, कायम पुढून किंवा मागून, कारण चाक फुटलं तर तुकडे बाजूला उडतात. "त्या चाकांजवळून दीडशे माणसं पावसात पळवायची का? आग नाही दिसली म्हणून तर बसवून ठेवलं. फायरवाले चाकांकडेच बघत उभे असणार सव्वा तास." मी त्या रात्री त्यांच्याकडे बघून हात हलवायला हवा होता. मी फोनवर तक्रार टाईप करत होते.

आणि तो पहिल्यांदा वर गेलेला, ज्याला सगळे वैतागले, काका म्हणाले तोच तुमचा सगळ्यात पहिला ब्रेक. हे वाक्य आईने नंतर मावशीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

डिसेंबरात नवी मुंबईचं एअरपोर्ट सुरू झालं. रनवे ३,७०० मीटर, हे आईने मलाच ऐकवलं. फेब्रुवारीत आम्ही दिल्लीला लग्नाला गेलो, येताना तिथेच उतरणार होतो. ती खिडकीपाशी बसली, नेमकी पंखाच्या मागची सीट मागून घेतली होती. खाली खाडी आली, उलव्याच्या बिल्डिंगी आल्या, तिने माझा हात धरला. चाकं टेकली, चांगलीच जोरात, आणि ती काचेला नाक लावून पंखाकडे बघत होती.

"उठल्या गं फळ्या," म्हणाली, आणि हात सोडला.