तुला बरं व्हायचंय का?

रविवार, रात्री

देवाने तुझ्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला उभी राहा, असं आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक मला अधूनमधून सुचवतात. मी टाळते. सांगण्यासारखं काही नाही म्हणून नव्हे, सांगितलेलं पूर्ण होत नाही म्हणून. आधी दुःख होतं, मग प्रभूने स्पर्श केला, आता सगळं ठीक आहे, अशी साक्ष ऐकायची सगळ्यांना सवय असते. माझं सगळं ठीक नाही. झोपेची गोळी चालू आहे. घरातल्या ज्या माणसामुळे माझी कितीतरी वर्षं भीतीत गेली, त्याचा फोन आला की अजूनही पोटात कालवतं. आणि तरी मी मोकळी झाले आहे, हेही तितकंच खरं आहे.

सध्या बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचते आहे आणि पुढे सरकतच नाही. यरुशलेमेत मेंढरे दरवाजाजवळ बेथेस्दा नावाचं तळं, त्याच्या पाच पडव्या, आणि तिथे पडून असलेले आंधळे, लंगडे, लुळे. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होतो, अशी समजूत. (देवदूत येऊन पाणी हलवतो ही ओळ सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. जो धडधाकट त्यालाच आधी बरं करणारा देव माझ्या पचनी पडला नसता.)

तिथे ३८ वर्षांपासून आजारी असलेला एक माणूस आहे. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायची इच्छा आहे का? पूर्वी मला हा प्रश्न निष्ठुर वाटायचा. आता वाटतं, त्या माणसाला इतक्या वर्षांत कोणी हे विचारलंच नसेल. गंमत म्हणजे तो ‘हो’ म्हणत नाही. मला पाण्यात सोडायला कोणी नाही, मी जाईपर्यंत दुसराच उतरतो, एवढंच सांगतो. मला हे उत्तर चांगलं ओळखीचं आहे. कशी आहेस, असं कोणी विचारलं की मीही कोणी काय केलं तेच सांगायचे. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण ते सांगता सांगता मी कोण आहे याचं दुसरं उत्तरच माझ्याकडे उरलं नव्हतं.

येशू त्याच्याशी वाद घालत नाही. तुझा विश्वास आहे का, असंही विचारत नाही. ऊठ, बाज उचल आणि चाल, एवढंच. आपल्याला बरं करणारा कोण हेसुद्धा त्या माणसाला तेव्हा ठाऊक नसतं. विश्वास कमी पडला म्हणून तू बरी होत नाहीस, असं मला एकदा सांगितलं गेलं होतं. त्यानंतर कित्येक रात्री मी स्वतःचा विश्वास तपासत बसले होते. हा अध्याय तेव्हा कोणी समोर ठेवला असता तर!

मोकळं होणं माझ्या बाबतीत एका रात्रीत घडलं नाही. सुरुवात झाली ती बायबलमधल्या स्तोत्रांपासून. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं. शेवटी दिलासा नाही, स्तुती नाही. असं गाऱ्हाणं पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे, म्हणजे माझा राग घेऊनही देवापुढे बसता येतं, हे पहिल्यांदा कळलं. मग मी जे कोणाला सांगितलं नव्हतं ते मोठ्याने बोलले. खूप रडले.

क्षमेला जास्त वेळ लागला. प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ही ओळ आली की मी गप्प व्हायचे, मंडळी पुढे म्हणत राहायची. घरातल्या त्या माणसाने एक दिवस येऊन माफी मागावी, याची मी वाट पाहत होते. ती वसुली होणार नाही हे मान्य केलं, आणि ती ख्रिस्तावर सोपवली. झालं ते चालण्यासारखं होतं, असं मी म्हणत नाही. त्या घरी राहायला जाणार नाही. फोन घ्यायचा की नाही हे मात्र आता मी ठरवते, भीती ठरवत नाही. ‘ख्रिस्ताने आपल्याला स्वतंत्र केलं’ असं येशूचा प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात लिहितो, त्यातलं मला अनुभवाने कळलेलं एवढंच.

त्याच पौलाने शरीरातला काटा (म्हणजे त्याला छळणारा कसलासा त्रास) निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं होतं. काटा राहिला. माझी कृपा तुला पुरेशी आहे, हे उत्तर मिळालं. पूर्वी हे मला नकार लपवल्यासारखं वाटायचं. अजूनही एखाद्या वाईट दिवशी वाटतं.

गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो, तेवढं मला पुरतं. या आठवड्यात डॉक्टरांना विचारायचंय, मात्रा कमी करता येईल का. नाही म्हणाले तर आहे तीच चालू ठेवीन.